सायलेंट म्युटेशनचा फिटनेस मोजताना या चुका टाळा

सायलेंट म्युटेशन म्हणजे जनुकातला कोडॉन (तीन बेसचा गट) बदलूनही प्रथिन तेच ठेवणारा बदल; फिटनेस म्हणजे असा म्युटंट जिवाणू मूळ जिवाणूच्या तुलनेत किती जोमाने वाढतो ते. सर्वांत महागात पडते ती एकाच वसाहतीवर (एका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यावर) विसंबण्याची चूक. काम लवकर व्हावं म्हणून म्यूटएस जनुक बंद असलेल्या ई. कोलाय जिवाणूमध्ये ऑलिगोने (डीएनएच्या छोट्या कृत्रिम तुकड्याने) बदल घालतात. तिथे बेसची चुकीची जोडी दुरुस्त होत नाही, म्हणून बदल सहज टिकतो. पण त्याच कारणाने जीनोममध्ये इतरत्रही नको ते बदल साठत जातात. मग ठरलेलं घडतं. हव्या जनुकाचं सँगर सिक्वेन्सिंग (तेवढ्याच तुकड्याचं वाचन) स्वच्छ येतं, मूळ जिवाणूसोबत एकत्र वाढवून लावलेल्या स्पर्धेत म्युटंट 3 टक्के मागे पडतो, पोस्टर छापलं जातं, आणि पूर्ण जीनोम वाचल्यावर खरा दोषी भलत्याच जनुकात सापडतो. म्हणून किमान 3 स्वतंत्रपणे बनवलेल्या वसाहती घ्या, तिन्हींचा पूर्ण जीनोम वाचा आणि शेवटी मूळ कोडॉन परत बसवा. तरीही फिटनेस सावरला नाही, तर दोष त्या कोडॉनचा नाही. ही उलट पायरी वेळखाऊ म्हणून गाळली असेल तर मी तो निकाल मानत नाही.

24 तासांत स्पर्धा उरकणं ही निव्वळ घाई. दोघांच्या 1:1 मिश्रणाचे 0.1 मिली 9.9 मिली ग्लुकोज माध्यमात सोडले की दिवसाला 100 पट वाढ होते, म्हणजे सुमारे 6.6 पिढ्या. फिटनेसमध्ये 1 टक्का फरक असेल तर दोघांचं गुणोत्तर तेवढ्यात 5 टक्केही सरकत नाही. प्रत्येकी 100 वसाहती मोजल्या तर सुरुवात आणि शेवट मिळून मोजणीचीच त्रुटी 20 टक्क्यांच्या आसपास जाते. रोज 1:100 पुढे नेत 6 दिवस चालवा आणि 5-6 समांतर नळ्या ठेवा. फार लांबवलं तर नवी म्युटेशन्स शिरतात.

मिसळण्याआधी दोघांनाही त्याच माध्यमात एक दिवस वाढवा. अ‍ॅराबिनोज मार्कर (ताटलीवर दोघांच्या वसाहती वेगळ्या ओळखायची खूण) अदलाबदल करून स्पर्धा दोन्ही बाजूंनी लावा. ओडी 600 चा, म्हणजे गढूळपणावरून एकट्या जिवाणूची वाढ दाखवणारा आलेख स्पर्धेची जागा घेत नाही.

प्रथिन किती बनलं यावरून फिटनेस ठरवू नका. 2009 मध्ये ई. कोलायमध्ये जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या 154 सायलेंट आवृत्त्या तपासल्या गेल्या, तेव्हा प्रथिनाचं प्रमाण 250 पटींपर्यंत बदललं. त्यातला निम्म्याहून अधिक फरक सुरुवातीच्या कोडॉनजवळ एमआरएनएची (जनुकाच्या ज्या प्रतीवरून प्रथिन बनतं तिची) घडी किती घट्ट पडते यावरून उलगडला. कोडॉनच्या पसंतीचा (जिवाणू नेहमी वापरतो ते कोडॉन किती आहेत याचा) संबंध त्या प्रमाणाशी दिसला नाही, पेशीच्या वाढीशी मात्र दिसला.

आणि एलबी या भरपूर पोषक माध्यमात फरक दिसला नाही म्हणून 'परिणाम शून्य' असं लिहू नका. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूमध्ये ग्लुकोज आत घेणाऱ्या यंत्रणेतल्या जीटीएसबी जनुकातली सायलेंट म्युटेशन्स फायद्याची ठरली, ती ग्लुकोज तुटपुंजं ठेवलेल्या माध्यमात.