बेटावरचं डिझेल बंद करायचंय? मग पॅनेलचे रेट सगळ्यात शेवटी विचारा

छोट्या बेटावर सोलर किंवा पवनचक्की आणायची म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, किती किलोवॅटचा प्लांट आणि सबसिडी किती. प्रश्न बरोबर आहेत, पण ते नंतरचे आहेत. ज्या बेटांनी हे नीट करून दाखवलं त्यांनी आधी ठरवलं की कोण किती वीज वापरणार, मशीन मागाहून आली. यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं एग बेट, वस्ती जेमतेम शंभरेक माणसांची. १९९७ साली तिथल्या लोकांनी ट्रस्टमार्फत बेटच विकत घेतलं आणि २००८ च्या फेब्रुवारीत स्वतःची वीज कंपनी चालू केली, त्याआधी ज्याच्या त्याच्या घरामागे डिझेल जनरेटर धडधडत असायचा. आज त्यांची बहुतेक सगळी वीज पाणी, वारा आणि उन्हातून येते.

पायरी १: डिझेलचा खरा हिशोब काढा

छोटा जनरेटर एका लिटरमध्ये साधारण ३ युनिट वीज देतो, अर्ध्या लोडवर रडतखडत चालत असेल तर त्याहून कमी. म्हणजे ९० रुपये लिटर धरलं तरी नुसत्या तेलाचेच युनिटला ३० रुपये झाले, त्यात बोटीचं भाडं, हमाली, ऑइल, फिल्टर आणि मेकॅनिकला किनाऱ्यावरून आणायचा खर्च मिळवा. हा आकडा मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून ठेवाच, कारण पुढे कुणीतरी "सोलर महाग पडतं हो" म्हणणारच आहे.

पायरी २: वर्षभराचा लोड लिहून काढा

घरोघरी जाऊन काय काय चालतं, किती वाजता चालतं हे लिहायचं. शाळा, दवाखाना, पाण्याचा पंप, मासळीच्या बर्फाचा फ्रीझर, होमस्टे सगळं धरा, आणि पर्यटकांचा सीझन वेगळा लिहा कारण तेव्हाचा लोड आणि एरवीचा लोड यांचा एकमेकांशी संबंध नसतो. नुसत्या विजेवर थांबू नका, स्वयंपाकाचा गॅस आणि होड्यांचं डिझेलही वहीत येऊ दे. डेन्मार्कच्या सामसो बेटाने १९९७ मध्ये स्वच्छ ऊर्जेवर चालणारं बेट निवडायची सरकारची स्पर्धा जिंकून कामाला सुरुवात केली तेव्हा विजेइतकाच घरं गरम ठेवायच्या खर्चाचा विचार केला, शेतातला पेंढा जाळून पाणी तापवायचं आणि पाइपाने गावभर फिरवायचं. आपल्याकडे घरं गरम करायचा प्रश्न नाही, बर्फाचा मात्र आहे.

पायरी ३: केबलचा भाव आधी विचारा

हे लोक विसरतात. किनारा जवळ असेल तर समुद्राखालून केबल टाकणं हा सरळ मार्ग असू शकतो. आपल्या घारापुरीलाच बघा, मुंबईच्या इतक्या जवळ असून तिथे संध्याकाळचे काही तास जनरेटरची वीज मिळायची, मग २०१८ मध्ये साडेसात किलोमीटरची केबल गेली आणि तिन्ही गावांत २४ तास वीज आली. एगचं गणित उलटं निघालं. केबलला ४० ते ५० लाख पाउंड लागले असते आणि स्वतःची पूर्ण यंत्रणा साधारण १६.६ लाखांत बसली. म्हणून दोन्ही आकडे समोर ठेवा आणि मगच भांडा.

पायरी ४: लिमिट ठरवा, आणि ती सगळ्यांना सारखी

मला विचाराल तर अख्ख्या प्लॅनमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच कुठल्या कोटेशनमध्ये नसतं. एगवर प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट आणि धंद्याला १० किलोवॅट, बस्स. घर मोठं असो की छोटं, मालक श्रीमंत असो की नसो. त्याच्या वर गेलात की घराची वीज ट्रिप होते आणि परत जोडून घ्यायला फी पडते. घरात एक छोटा मीटर असतो, आत्ता किती खेचताय ते त्यावर दिसतं, त्यामुळे वॉशिंग मशीन चालू असताना किटली लावायची की दहा मिनिटं थांबायचं हे लोक आपोआप ठरवायला लागतात.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते म्हणून सांगतो. युनिट म्हणजे दिवसभरात एकूण किती वीज वापरली, किलोवॅट म्हणजे या क्षणाला किती खेचताय. बिल युनिटवर येतं पण छोट्या बेटाची यंत्रणा झोपते ती किलोवॅटमुळे, सगळ्यांनी सकाळी सातला गिझर लावला की. गिझर २ किलोवॅट, इंडक्शन दीड-दोन, इस्त्री १, पंखा आणि फ्रीज तर किरकोळ. त्यामुळे कोकणासारख्या हवेत २ ते ३ किलोवॅटची लिमिटही पुरते, फक्त गिझर आणि इंडक्शन एकदम नको. पाणी तापवायला छपरावरचा सोलर हीटर लावला तर हे भांडण अर्धं मिटतं.

लिमिटवरून मीटिंगमध्ये आवाज चढणार. होमस्टेवाले म्हणतील आमच्या एसीचं काय. चढू दे आवाज, पण निर्णय खरेदीच्या आधी झाला पाहिजे, नंतर लिमिट लावलीत की ती लोकांना शिक्षा वाटते.

पायरी ५: एकाच गोष्टीवर भिस्त नको

एगवर मुख्य आधार ओढ्यावरच्या तीन जलविद्युत संचांचा, मोठा १०० किलोवॅटचा, बाकी दोन अगदी छोटे. शिवाय ६ किलोवॅटच्या चार पवनचक्क्या आणि सोलर, जे सुरुवातीला १० किलोवॅट होतं आणि नंतर वाढवत ५० पर्यंत नेलं. हिवाळ्यात पाऊस-वारा भरपूर आणि ऊन नाही, उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा सोलर धावून येतं. तुमच्या बेटावर काय आहे ते बघा, ओढा नसेल तर नसेल. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सोलर मान टाकतं पण वारा जोरात असतो, तरी पवनचक्की घ्यायच्या आधी वर्षभर वारा मोजायचं यंत्र लावून ठेवा, "इथे लई वारा असतो" याच्यावर लाखो रुपये लावू नका.

पायरी ६: आता साइझ काढा

समजा ४० घरं, घरी दिवसाला ६ युनिट, म्हणजे २४०. पंप, शाळा, फ्रीझर मिळून अजून ११० धरा, एकूण ३५०. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणजे ८८ किलोवॅट झाले, त्यात बॅटरीत जाणारी घट आणि ढगाळ दिवस धरून ११०-१२० कडे जा. अंधार पडल्यावरचा वापर २०० युनिट असेल तर बॅटरी २५० युनिटची घ्या, ती पूर्ण रिकामी करायची नसते. हे कच्चं गणित आहे, इंजिनिअरने पक्कं करावं, पण तो कोटेशन घेऊन येतो तेव्हा तुमच्याकडे स्वतःचा आकडा असला पाहिजे, नाहीतर किनाऱ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे सल्लागार सांगतील ते मुकाट्याने ऐकावं लागतं.

आणि जनरेटर विकू नका. एगनेही ठेवलेत. स्पेनच्या एल येरो बेटावर २०१४ पासून साडेअकरा मेगावॅटच्या पवनचक्क्या आणि डोंगरावर पाणी चढवून साठवायची सोय आहे, २०१९ च्या उन्हाळ्यात सलग २४ दिवस त्यांनी डिझेलला हात लावला नाही, तरी वर्षभराची सरासरी निम्म्याच्या आसपासच राहते. शेवटचे पाच-दहा टक्के बॅटरीने भागवायला गेलात तर खर्च भलताच वाढतो, वर्षातून थोडे दिवस जनरेटर चालला तर आभाळ कोसळत नाही.

पायरी ७: मालक कोण?

सामसोवर जमिनीवरच्या ११ पवनचक्क्यांपैकी ९ शेतकऱ्यांच्या आणि २ सहकारी मालकीच्या. समुद्रातल्या १० मधल्या ५ नगरपालिकेच्या, बाकी खासगी लोकांच्या आणि छोट्या भागधारकांच्या. स्वतःचे पैसे फिरताना दिसत असले की पात्यांच्या आवाजाची तक्रार जरा कमी येते, माणसाचा स्वभाव आहे. आपल्याला सहकारी सोसायटी नवीन नाही, बरी-वाईट दोन्ही माहीत आहे, त्यामुळे हिशोब दरमहा नोटीस बोर्डावर लावायचा नियम पहिल्याच ठरावात घाला. वीज फुकट ठेवू नका. दर असा लावा की दहा-पंधरा वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे वेगळ्या खात्यात साठत जातील, आणि त्या खात्याला देवळाच्या जीर्णोद्धारासाठीसुद्धा हात लावायचा नाही.

पायरी ८: खारी हवा, बोट आणि माणसं

नट-बोल्ट आणि स्ट्रक्चर समुद्राच्या हवेत टिकणारंच घ्या, साधं गॅल्वनाइज्ड लवकर गंजतं. इन्व्हर्टर-बॅटरी खोलीत, वाऱ्याच्या तोंडाशी नको. ऑर्डर देण्याआधी सगळ्यात जड वस्तू जेटीवर उतरते का, भरतीची वेळ कुठली, क्रेन आहे का हे तपासा.

बेटावरचीच तीन-चार माणसं इन्स्टॉलेशनच्या पहिल्या दिवसापासून कंपनीच्या माणसांबरोबर कामाला लावा, पगार देऊन. एगवर देखभाल तिथलेच रहिवासी करतात, एरवी त्यांचे दुसरे धंदे असतात. स्पेअर इन्व्हर्टर, फ्यूज, कनेक्टर आणि एक चांगला मल्टिमीटर बेटावरच पडून असू दे, कारण जून ते ऑगस्ट बोट बंद झाली की कस्टमर केअरचा नंबर काही कामाचा नसतो.