तिबेटी जडावाचे मणी वापरताना या चुका टाळा

काठमांडूच्या बौद्धनाथ परिसरात किंवा दिल्लीच्या मजनू का टीला वसाहतीत मिळणारे फिरोजा-पोवळ्याचे जडावमणी हातात घेतल्यावर भक्कम वाटतात. प्रत्यक्षात मात्र पितळी मण्यावर तारेची नक्षी करून, तिच्या कप्प्यांत दगडांच्या बारीक कपच्या लाखेत किंवा रेझिनमध्ये बसवून आणि वरून घासून ते तयार केलेले असतात. धातू, दगड आणि चिकटद्रव्य या तिघांचीही काळजी घ्यावी लागते, आणि त्यांपैकी एकाचा विसर पडला की मणी बिघडतो.

सर्वांत जास्त नुकसान साफसफाईत होते. पितळ काळवंडले की आपला हात सवयीने चिंच, लिंबू किंवा पितांबरीकडे जातो. समईला ते मानवते. पोवळे मात्र कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे आंबटाने त्याची झळाळी जाते, सच्छिद्र फिरोजा डाग धरतो आणि पावडरीने कपच्यांवर ओरखडे उठतात. त्यामुळे असे मणी पाण्यात भिजवू नयेत. मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसावेत आणि पितळेच्या कडांवरच हलका हात चालवावा. अत्तर किंवा स्प्रे आधी लावून, तो वाळल्यावरच माळ घालावी.

माळ तुटण्याचे कारण बहुधा वेजाच्या, म्हणजे मण्याच्या भोकाच्या, धारदार कडेत असते. रेशमी किंवा सुती दोरा तिथे झिजत जातो, म्हणून कड गोल कानसीने गुळगुळीत करून मणी गिअर वायरमध्ये (प्लास्टिकचे आवरण असलेल्या बारीक पोलादी तारेत) ओवावा आणि टोके गिअर लॉकने (दाबून बसवायच्या छोट्या धातूच्या मण्याने) पक्की करावीत. वेज मोठे असल्यास शेजारचा बारीक मणी आत घुसतो व माळ वाकडी बसते. मण्याच्या दोन्ही बाजूंना वाटीसारखी धातूची टोपी घातली की हा प्रश्न उरत नाही.

निसटलेली कपची झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवण्याचा मोह आवरावा, कारण त्या गोंदाची पांढरट साय आजूबाजूच्या दगडांवर धरते आणि जोडही ठिसूळ राहतो. खाच टाचणीने कोरून कोरडी करावी, दोन नळ्यांतले एपॉक्सी पाकिटावरील प्रमाणात मिसळून काडीच्या टोकाने थेंबभरच घालावे, कपची दाबावी आणि मणी रात्रभर हलवू नये. लाख उष्णतेने मऊ पडते, त्यामुळे डाखकाम (धातू वितळवून जोड देणे) असेल तर ते मणी ओवण्यापूर्वीच उरकावे.

स्वस्त मण्यांत रंगवलेला हाउलाइट (एक पांढरा, सच्छिद्र दगड) किंवा प्लास्टिक सर्रास असते. खरेदी करताना ओला पांढरा कापूस मण्यावर फिरवावा आणि त्यावर निळा किंवा लाल रंग उतरला तर तो मणी घेऊ नये.