जाड सोलचे ट्रेल शूज घेताना या चुका टाळा

दुकानात ट्रेल शूज, म्हणजे कच्च्या वाटेवर पळायचा बूट, हातात आला की बहुतेकांचा अंगठा आधी टाचेवर जातो. दाबून बघायचं, मऊ लागला की पैसे काढायचे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अंगठ्याच्या दाबाखाली फोम जसा लागतो, तसा तो पळताना अंगाचं सगळं वजन पडल्यावर वागत नाही.

सोलापूरच्या आसपास आपण पळतो ते पाणंदीवर, उजनीच्या कालव्याकडेनं, माळावर. उन्हाळ्यात इथला मुरूम सिमेंटसारखा घट्ट होतो आणि वर सुटे खडे पसरलेले असतात. गुडघ्यांसाठी कुशनिंग हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण सोल ३५-४० मिलिमीटर उंच, मऊ आणि त्यात अरुंद असेल तर खड्यावर पाय पडताच घोटा कलंडतो. म्हणून जाडीच्या आधी तळाची रुंदी बघा. बूट उलटा करा. कमानीखालचा भाग फार चिंचोळा नको. मग दोन्ही हातांनी पिळून बघा. फडक्याइतक्या सहज पिळला गेला तर माळावर उपयोग नाही. शेवटी बूट घालून एका पायावर उभे राहा. तोल सावरायला बोटं सारखी आवळावी लागत असतील तर तो बूट परत ठेवा, कितीही सवलत असली तरी.

तळाचे दात जितके खोल तितका बूट चांगला, हाही गैरसमज. ५ मिलिमीटरचे दात चिखलाच्या डोंगरवाटेला छान. आपल्याकडे घरापासून माळापर्यंत डांबरी रस्ता असतो, तिथे ते झिजतात. कोरड्या मुरमाला ३-४ मिलिमीटर पुरतात. काळ्या रानात मात्र पावसानंतर कोणत्याच बुटाचं काही चालत नाही, पायाला गोळे चिकटतात. वाफसा येईपर्यंत ती वाट सोडाच.

वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जाणाऱ्या पाऱ्यात आतला घाम बाहेर पडत नाही आणि फोड येतात. बारीक विणीची जाळी घ्या; मोठ्या भोकांच्या जाळीत कुसळं घुसतात आणि मोज्यातून टोचत राहतात.

माप संध्याकाळी घ्या, पळायचे मोजे घालून. दिवसभरात पाय सुजतो, पळताना आणखी. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे.

ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, विचारल्याशिवाय बूट घेऊ नका. होका कंपनीच्या स्पीडगोट ५ या बुटात तो ४ मिलिमीटर आहे, आल्ट्रा कंपनीच्या लोन पीकमध्ये शून्य. रोजचा बूट १० मिलिमीटरचा असेल आणि एकदम कमी ड्रॉपवर आलात, तर पोटरी आणि टाचेमागची शीर धरते. पहिले काही आठवडे नवा बूट छोट्या अंतरालाच वापरा.

घेतल्यानंतर त्रास सुरू झाला तर लगेच बुटाला दोष देऊ नका. उतारावर नखं काळी पडत असतील तर बूट लहान तरी आहे किंवा पाय आत पुढे सरकतोय. टाच सरकत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून दोन्ही बाजूंना नाडीचा फास करून समोरच्या बाजूची नाडी त्यातून ओढा, टाच घट्ट बसते. चवड्याला मुंग्या येत असतील तर खालची नाडी सैल करा. आणि धुतलेला बूट उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेनं फोम आकसतो, गोंद सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा.

बाभळीच्या काट्याबद्दल जाड सोलवर भरवसा ठेवू नका. काटा फोममध्ये अर्धा मोडून बसतो आणि पुढच्या धावांत हळूहळू वर सरकतो. काही बुटांत रॉक प्लेट नावाचा पातळ कडक थर असतो. माळावर नेहमी जाणार असाल तर तो असलेलाच घ्या. तरीही परत आल्यावर तळ तपासा, मोडका काटा चिमट्यानं काढा आणि आतल्या गादीखाली सांभाळून बोट फिरवून बघा.