अमेरिकेत हेम्पची लागवड : परवान्यापासून काढणीपर्यंत नियम कसे पाळावेत

अमेरिकेत हेम्प लावू पाहणाऱ्या शेतकऱ्याने बियाणे घेण्याआधीच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पीक कायदेशीर आहे की नाही, याचा निकाल काढणीच्या तोंडावर घेतलेल्या नमुन्यावर लागतो. २०१८ च्या शेती कायद्याने सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारे मुख्य द्रव्य) असलेल्या कॅनाबिसला, म्हणजे भांग-गांजाच्या झाडाला, हेम्प ठरवून अमली पदार्थांच्या यादीतून वगळले. त्यापुढे गेलेले तेच झाड कायद्याच्या लेखी गांजा ठरते. म्हणून हंगामाची सारी आखणी नमुन्याच्या तारखेपासून मागे मोजत करावी.

प्रथम आपल्या राज्याची स्वतःची मान्यताप्राप्त योजना आहे का, हे पाहावे. असल्यास अर्ज राज्याच्या कृषी विभागाकडे आणि नसल्यास थेट केंद्रीय कृषी खात्याकडे करावा लागतो. राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करता येतात, सैल करता येत नाहीत; त्यामुळे शेजारच्या राज्यातील शेतकऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. अर्जदाराचा, तसेच व्यवसायातील प्रमुख व्यक्तींचा गुन्हेविषयक अहवाल जोडावा लागतो आणि अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात गेल्या १० वर्षांत शिक्षा झालेली असल्यास साधारणपणे परवाना मिळत नाही. लागवडीनंतर क्षेत्राची नोंद केंद्रीय कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे करावी आणि नोंदी किमान ३ वर्षे जपून ठेवाव्यात.

खरी कसोटी नमुन्याची. केंद्राच्या नियमानुसार अधिकृत नमुना घेणाऱ्याने नमुना घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत काढणी व्हावी लागते. नमुना झाडाच्या शेंड्याकडून, म्हणजे फुलोऱ्यासह साधारण ५ ते ८ इंच लांबीचा घेतात, आणि टीएचसी सर्वाधिक असते ती नेमकी हीच जागा. झाडात मुळात असते ते मुख्यतः टीएचसीए हे आम्ल. उष्णतेने त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून गेला की त्याचे टीएचसी होते. म्हणून टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात डेल्टा-९ मिळवतात आणि येणारा एकूण आकडा पाहतात. समजा अहवालात डेल्टा-९ ०.०५ टक्के आणि टीएचसीए ०.४० टक्के आहे. पहिला आकडा पाहून शेतकरी निर्धास्त होतो. पण बेरीज ०.४० च्या आसपास जाते आणि पीक मर्यादेबाहेर ठरते. अशा वेळी अहवालातील मापनाची अनिश्चितताही जरूर वाचावी. निकाल ०.३५ आणि अनिश्चितता ०.०६ असेल तर पल्ला ०.२९ ते ०.४१ होतो, त्यात ०.३ येत असल्याने ते पीक नियमात बसते.

सीबीडीसाठी (हेम्पमधील नशा न आणणारे द्रव्य) घेतलेल्या वाणांत फुलोरा पिकत जातो तसतसे सीबीडीबरोबर टीएचसीही चढत जाते. अधिक सीबीडीच्या लोभाने आठवडाभर थांबणे हीच या पिकातील सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. फुलोरा धरल्यापासून स्वखर्चाने थोड्या थोड्या दिवसांनी तपासणी करून घ्यावी आणि आकडा मर्यादेजवळ येताच अधिकृत नमुन्याची तारीख मागावी. मजूर आणि वाळवणीची जागा त्याआधीच ठरलेली असावी, कारण ३० दिवसांची मुदत पावसासाठी थांबत नाही.

पीक नापास झाले तरी सर्व काही संपत नाही. फुले वेगळी काढून नष्ट करता येतात किंवा संपूर्ण पिकाचा बारीक चुरा करून त्याची पुन्हा तपासणी करून घेता येते. तेही जमले नाही तर पीक नांगरून जमिनीत गाडणे वा जाळणे असे मार्ग आहेत. योग्य काळजी घेतलेली असेल आणि टीएचसी १ टक्क्यापेक्षा जास्त नसेल, तर तो निष्काळजीपणा मानला जात नाही. मात्र ५ वर्षांत ३ वेळा निष्काळजीपणा ठरल्यास पुढील ५ वर्षे लागवड करता येत नाही.

वाहतुकीत परवान्याची आणि तपासणी अहवालाची प्रत गाडीतच ठेवावी. कायदेशीर हेम्पची वाहतूक राज्यांनी अडवू नये, असे केंद्रीय कायदा सांगतो. तरीही जानेवारी २०१९ मध्ये ओरेगनहून कोलोरॅडोकडे निघालेला ट्रक आयडाहोत जप्त झाला होता.

उत्पादनांचे नियम आणखी वेगळे आहेत. सोललेले हेम्प बी, त्याची प्रथिन भुकटी आणि बियांचे तेल अन्नात वापरण्यास अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये हरकत घेतली नाही. सीबीडी घातलेले खाद्यपदार्थ मात्र त्याला मान्य नाहीत. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने हेम्पची व्याख्याच एकूण टीएचसीवर आणली आणि ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या तयार उत्पादनासाठी प्रति डबा ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घालून अंमलासाठी एक वर्षाची मुदत दिली. फुलोऱ्यासाठी लागवड करणाऱ्याने त्यामुळे पेरणीआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा आणि नियम बदलल्यास मालाचे काय होणार, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.