पोरांच्या वाईट स्वप्नांची भुताटकी, पण हसवणारी चित्रकथा कशी करावी

कोरे ए-फोर कागद, काळं जेल पेन, पट्टी आणि रात्री दचकून उठणारं एक पोर, एवढं घरात आहे असं धरून चालतो. "आम्हाला चित्र येत नाही" ही सबब ऐकून कान किटले आहेत. माणसं काड्यांची काढा, चालतात. भूत तेवढं प्रत्येक पानावर तेच आहे हे ओळखू आलं पाहिजे.

आधी स्वप्न काढून घ्या

भर दुपारी, तुरीच्या शेंगा सोलता सोलता विचारा. "कोणतं भूत दिसलं?" असं विचारलं की पोर टीव्हीतलं भूत सांगतं. त्यापेक्षा "ते कुठून आलं? तुले पळता येत होतं का? आवाज निघत होता का?" हे विचारा. जागा कळली की अर्धं पुस्तक झालं. धान्याच्या ढोल्यामागून, कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगातून, गोठ्याच्या फटीतून. महाल आणि कबरस्तान काढत बसू नका, आपल्या पोरांना त्यांचं भेव नसतं.

वाईट स्वप्नं बहुतेक रात्रीच्या उत्तरार्धात पडतात आणि आठवतात. झोप लागल्यावर तास-दोन तासांत किंचाळून उठणारं आणि सकाळी काहीच न आठवणारं पोर असेल, तर तो प्रकार वेगळा. त्याला खोदून विचारू नका, त्यातून गोष्ट निघत नाही. आणि रोजच झोप मोडत असेल तर पेन ठेवा, डॉक्टरकडे न्या.

भूत कोण नसावं

गावातली म्हातारी, एकटी राहणारी बाई, वेडसर माणूस यांच्यावरून भूत काढायचं नाही. नाव बदलूनही नाही, कारण पोरं नाक-लुगडं बरोबर ओळखतात. 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी करणीच्या संशयावरून मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून थांबलेल्या नाहीत. त्यात आपल्या पुस्तकाची भर नको.

दुसरं, खरा धोका भूत म्हणून वापरू नका. ताडोब्याच्या कडेच्या गावात वाघ हे स्वप्न नसतं. तिथं वाघाला गुदगुल्या करणारं पोर काढणाऱ्याला मी तरी बोलून दाखवीन. मण्यारीचंही तेच. ती रात्रीच फिरते आणि खाली झोपलेल्यांना चावते.

मुंजा, चकवा, हडळ चालतील, पण पोरानं स्वतः घडवलेलं भूत सगळ्यात बरं.

आता अवघड जागा: भेवाचं हसू करणं

माझे सगळ्यात जास्त कागद इथंच चुलीत गेले. लोक सल्ला देतात की शेवटी दिवा लावा आणि भूत म्हणजे खुंटीवरचं धोतर होतं असं दाखवा. हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा दिला त्यानं पोरांना गोष्ट कधी वाचून दाखवली नसावी. पोर पंधरा पानं जीव मुठीत धरून तुमच्याबरोबर येतं आणि शेवटी तुम्ही त्याला सांगता की तू बावळट. रात्री धोतर खुंटीवरच असतं आणि भूतही येतंच. भूत गोष्टीत शेवटपर्यंत खरं राहू द्या.

दुसरा सल्ला देवाला किंवा बापाला बोलावून भूत मारण्याचा. स्वप्नात बाप नसतो, म्हणून तर ते वाईट स्वप्न असतं. युक्ती पोराचीच हवी. मानसोपचारात इमेजरी रिहर्सल नावाची पद्धत आहे: वाईट स्वप्नाचा शेवट जागेपणी आपल्या मनासारखा बदलायचा आणि तो बदललेला शेवट पुन्हा पुन्हा मनात घोळवायचा. म्हणून शेवट तुम्ही सुचवायचा नाही. गप्प बसा, कितीही वेळ लागो.

हसायचं भुताच्या अडचणीवर, पोराच्या भेवावर कधीच नाही. अडचण शोधायची सोपी रीत अशी की भुताची सगळ्यात भयंकर गोष्ट घ्या आणि तिचा त्यालाच काय त्रास होत असेल ते विचारा. एका पोरीच्या स्वप्नात खिडकीतून लांबच लांब हात यायचे. तिला विचारलं, "एवढे लांब हात, मग तो जेवतो कसा?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "घास तोंडात जातच नसंन त्याचा. कोपर वावरात राह्यते." झालं भूत तयार. लांबहात्या उपाशी आहे आणि भरवायला कोणी मिळतं का म्हणून घरोघरी खिडक्या चाचपतो.

पण हे लगेच सांगू नका. सोळा पानांच्या पुस्तकात पान 2 ते 6 निव्वळ भेव असू द्या. हात चौकटीत मावू नयेत, नुसती बोटं दिसावी, चित्र अंथरुणातून वर पाहिल्यासारखं असावं. सातव्या पानावर पोरगी पहिल्यांदा बोलते: "जेवाचं हाय तं आधी हात धू." सातवं पान उजव्या हाताला येतं, म्हणजे हसू पान उलटल्यावर. आठ आणि नऊ ही पानं एकाच कागदावर लागून असतात, तेव्हा तिथं एकच मोठं चित्र: घरातून निघालेले हात पारावरून, देवळामागून, झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून थेट हापशीपर्यंत गेलेत आणि साबण बकरी खाते आहे. विनोद सातव्या पानावरच दिसला तर मेला. त्यानंतर भूत प्रत्येक चौकटीत थोडं लहान काढत जा, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला येईपर्यंत.

शेवटी भूत जाळू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवून, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत जाळतात, ते सगळ्या गावाचं काम. एकट्या पोराच्या पुस्तकात जाळलेलं भूत परत येतं, काम लागलेलं भूत येत नाही. लांबहात्याला शेंड्यावरच्या चिंचा पाडायला ठेवा.

बाकीचं

फुग्यातली अक्षरं चित्राआधी लिहा, नाहीतर जागा पुरत नाही. भाषा घरची ठेवा, पुस्तकी भूत कोणाला भेववत नाही. पेन्सिलीची छटा झेरॉक्सवर उठत नाही, अंधार पेनाच्या आडव्या-उभ्या रेघांनी भरा.

चार कागद दुमडले की सोळा पानं. कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी 17: पहिलं-सोळावं, दुसरं-पंधरावं. हे आधी पेन्सिलीनं घालून घ्या. स्टेपलर मधोमध पोचत नसेल तर सुईदोऱ्यानं तीन टाके घाला आणि गाठ बाहेरून मारा, आतून मारली तर ती थेट हापशीच्या चित्रावर येते.