घरात पॉलीअनसॅच्युरेटेड तेल किती खाल्लं जातं, ते कसं मोजाल?

तेल कमी करा, तेल बदला, असे सल्ले उदंड मिळतात. आज पोटात किती जातंय, हे मोजायला कुणी सांगत नाही. पॉलीअनसॅच्युरेटेड हा तेलातल्या मेदाचा एक प्रकार, सूर्यफूल-सोयाबीनमध्ये जास्त; सॅच्युरेटेड हा दुसरा, पाम-खोबरेलात जास्त. अमेरिकेच्या अन्नपुरवठ्यात १९०९ साली लिनोलिक आम्लातून येणारे उष्मांक ३ टक्क्यांहून कमी होते; १९९९ पर्यंत ते ७ टक्क्यांवर गेले, मुख्यतः सोयाबीन तेलामुळे. लिनोलिक हेच वनस्पती तेलांतलं मुख्य पॉलीअनसॅच्युरेटेड आम्ल. ते शरीराला हवंच, त्यामुळे शून्यावर आणायच्या नादी लागू नका.

पहिल्या दिवशी घरातलं तेल तोला, तिसाव्या दिवशी पुन्हा तोला. पहिल्या वजनातून दुसरं वजा करा, मधे आणलेलं मिळवा. लिटरचे ग्रॅम करायचे तर ९२० ने गुणा. चमचे मोजू नका, घाईत थेट कढईत गेलेली धार त्यांत येत नाही. तळून उरलेलं टाकणार असाल तर आधी तोलून वजा करा.

आता तेलाची जात. करडईत साधारण ७५ टक्के पॉलीअनसॅच्युरेटेड, सूर्यफूल आणि सोयाबीनमध्ये ६०, मक्यात ५५, शेंगदाण्यात ३०, ऑलिव्ह आणि पाममध्ये १०, खोबरेलात जेमतेम २. डब्यावर 'हाय ओलिक' लिहिलेलं सूर्यफूल किंवा करडई मात्र या आकड्यांत धरू नका. त्यात हे प्रमाण फार कमी असतं.

खरी मेख फरसाण-बिस्किटांसारख्या तयार खाण्याच्या पाकिटांत आहे. पहिल्या महिन्यात मी फक्त डबा तोलला, आकडा छान आला आणि मी वही मिटली. पुढच्या महिन्यात रिकामी पाकिटं एका पिशवीत साठवली, तेव्हा कळलं की घरातल्या तेलाचा मोठा वाटा डब्यातून आलेलाच नव्हता. म्हणून सांगते, पाकीट फेकू नका.

लेबलवर पॉलीअनसॅच्युरेटेडचा आकडा बहुतेकदा नसतोच. घटकांत तेलाचं नाव असेल तर वरचे टक्के लावा. नुसतं 'वनस्पती तेल' लिहिलं असेल तर एकूण मेद आणि सॅच्युरेटेड मेद शेजारी ठेवून पाहा. ३० ग्रॅम मेदात १४ सॅच्युरेटेड असेल तर तेल बहुधा पाम. पॉलीअनसॅच्युरेटेड ३ ग्रॅम धरा. त्याच ३० मध्ये सॅच्युरेटेड ३-४ च असेल तर सूर्यफूल किंवा सोयाबीनची शक्यता जास्त. मग १८ धरा. दिसायला सारखी दोन पाकिटं, फरक सहापट! सगळी पाकिटं सरसकट एकाच हिशेबात धरा असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दाकडेही पाहू नका. वनस्पती तेलात ते नगण्यच असतं, आणि या मोजणीशी त्याचा संबंध नाही.

बाहेरच्या तळणाचं तेल विचारा. उत्तर मिळालं नाही तर वहीत वेगळ्या रकान्यात लिहा, अंदाजाने बेरजेत घुसवू नका.

शेवटी भागाकार. तीन माणसं, महिन्याला २,७०० ग्रॅम सूर्यफूल तेल: माणशी रोज ३० ग्रॅम, त्यात १८ पॉलीअनसॅच्युरेटेड. गुणिले ९, म्हणजे १६२ उष्मांक. २,००० च्या आहारात ८ टक्के. त्यावर पाकिटांचे मिळवा, धान्य आणि दाण्यांतलं थोडं धरा, मग जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलेल्या ६ ते ११ टक्क्यांशी ताडून पाहा. मोजणीच्या महिन्यात तेल मात्र बदलू नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.