स्काउट व्हायचंय? या चुका टाळा

न्यू जर्सीत शाळकरी पोरांना बेसबॉल शिकवतो आणि शनिवारी एका जुन्या स्काउटबरोबर, म्हणजे संघांसाठी होतकरू खेळाडू हेरणाऱ्या माणसाबरोबर, सामने बघतो. नवीन येणारा प्रत्येक जण त्याच चुका करतो, म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चेंडूचा वेग मोजणाऱ्या रडार गनला डोळे चिकटवून बसणं. मीही तेच केलं होतं. उंचपुरा पिचर (चेंडू टाकणारा), पहिल्याच इनिंगमध्ये, म्हणजे डावात, ताशी ९१ मैल वेग. मी वही आकड्यांनी भरली. सामना संपल्यावर शेजारच्या स्काउटनं विचारलं, "चौथ्या इनिंगपासून त्याचं कोपर कुठं येत होतं, पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. चेंडू सोडताना कोपर खांद्याच्या खाली उतरत होतं आणि बाकावर बसला की पोरगा हात चोळत होता. सगळं माझ्यासमोर! आता पहिल्या दोन इनिंग मी गन बॅगेतून काढतच नाही. आधी पाय, मग खांदा, कोपर, वेग शेवटी.

बॅटर पहिल्या बेसवर किती सेकंदांत पोचतो हे मोजताना घड्याळ चेंडू बॅटला लागताच सुरू करा, तो पळायला लागल्यावर नव्हे. आणि स्काउट खेळाडूला गुण देतात त्या २० ते ८० च्या मोजपट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला, सरासरी खेळाडू. शाळकरी पोरांना ७० वाटत सुटू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे गर्दी जाते तिथंच जायचं. बक ओनील आठवा. कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाकडून खेळले, त्याच संघाचे मॅनेजर झाले, मग मेजर लीगमधल्या शिकागो कब्स संघाचे स्काउट. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांच्या मैदानांवर ते स्वतः जात. लुइझियानातल्या सदर्न युनिव्हर्सिटीतला लू ब्रॉक त्यांनीच हेरला. पुढे त्याच्या नावावर ९३८ चोरलेले बेस (फटका न बसताच पळून गाठलेले पुढचे बेस) लागले. १९६२ मध्ये ओनील मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय कोच झाले. बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, मात्र त्यांना २०२२ मध्ये घेतलं, निधनानंतर सोळा वर्षांनी. मला हा उशीर आजही खुपतो.

एका सामन्यावरून कुणाला बादही करू नका. माइक पियाझा या खेळाडूला १९८८ मध्ये, मेजर लीगचे संघ नवे खेळाडू फेरीफेरीनं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, थेट ६२व्या फेरीत निवडलं होतं, तेही ओळखीवर. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आणि फोनवरच्या क्लिपा! त्यांत फक्त चांगले फटके असतात. आउट होऊन परतताना पोरगा हेल्मेट कुठं फेकतो, हे त्यांत दिसत नाही. मी क्लिप बघतो, पण नाव वहीत चढतं ते अख्खा सामना बघितल्यावरच.